झाकलेला हिरवा दिवा

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडलंत तरी मी रागावणार नाही. माझा मूळ रंग पांढरा होता हे आता कुणाला सांगूनही पटत नाही. कडा पिवळ्या पडल्या आहेत, काही अक्षरं बोटांनी घासून पार पुसली गेली आहेत आणि फटींमध्ये किती धूळ बसली आहे ते न विचारलेलंच बरं. जुना म्हणा, कळकट म्हणा, मी एक कीबोर्ड आहे आणि माझं सगळं आयुष्य चष्म्याच्या एका छोट्या दुकानात गेलं. स्वतःची कहाणी सांगताना लोक छाती फुगवतात. माझी मान मात्र सांगतानाही खाली जाते. का, ते ऐका.

कारखान्यात माझ्या अंगावर शंभराच्या वर बटणं बसवली गेली. कुणाला अक्षरं मिळाली, कुणाला आकडे. उजवीकडे वरच्या ओळीत एक बटण होतं, त्याचं नाव स्क्रोल लॉक. एकदा दाबलं की ते लागायचं, पुन्हा दाबलं की सुटायचं, आणि लागलेलं असेपर्यंत माझ्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा पेटायचा. बस, एवढंच. त्याचा उपयोग कारखान्यातही कुणाला धड सांगता आला नसता. पंगतीत बसलेल्या पण कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या पाहुण्यासारखं ते बटण माझ्या अंगावर बसून होतं.

माझ्या मालकांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. दुकान अरुंद होतं. एका बाजूला काचेचा काउंटर, त्याच्या टोकाला तपासणीची उंच खुर्ची आणि खुर्चीसमोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. उरलेल्या सगळ्या भिंतींवर आरसे, कारण नवी फ्रेम घातली की माणसाला स्वतःला चारी बाजूंनी बघायचं असतं. काउंटरखालच्या सरकत्या फळीवर मी असायचो. मालक उभ्या जागेवरून गिऱ्हाइकाशीही बोलायचे आणि खुर्चीतल्या माणसाचे डोळेही तपासायचे.

आणि बोलायचे म्हणजे किती बोलायचे! "वरची ओळ वाचा. अहो, पाठ करून आल्यासारखं नको, बघून वाचा. हे बरं की मघाचं बरं? दोन्ही बरं म्हणू नका, मी लग्न जमवत नाहीये." खुर्चीतला माणूस हसायचा, त्याचा चष्मा हलायचा, मालक पुन्हा काच बसवायचे. लोक नंबर काढायला कमी आणि त्यांचं ऐकायला जास्त यायचे.

मग त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, थंडी असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यात वाईट गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मालकांची मुलगी कंप्युटरवर प्रोग्राम लिहायचं काम करते. आम्ही तिला ताई म्हणतो, आम्ही म्हणजे मी आणि कंप्युटर. ती रडत बसणाऱ्यांतली नाही. ऑपरेशनच्या काही दिवस आधी तिने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मालकांपुढे माइक ठेवला.

"बाबा, दुकानात तुम्ही रोज तीच तीच वाक्यं बोलता. ती सगळी मला देऊन ठेवा."

"तीच तीच?" मालक घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझी आई तर म्हणायची, ह्या माणसाला कुणीतरी थांबवा."

त्यांनी एकेक वाक्य म्हटलं आणि ताईने ते साठवून ठेवलं. मग प्रश्न आला बटणांचा. एफ वनपासून एफ ट्वेल्व्हपर्यंत माझी वरची ओळ मोकळी होती, पण वाक्यं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. अर्धी काउंटरवरची, अर्धी खुर्चीतल्या माणसासाठीची. तेव्हा ताईने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला दिलेली शिकवण: बटण दाबलं गेलं की आधी दिवा बघ. दिवा विझलेला असेल तर काउंटरचं वाक्य म्हण, पेटलेला असेल तर तपासणीचं.

पहिल्यांदा तिने ह्या कामाला कॅप्स लॉक लावलं. पण मालक तपासणी करता करता पावती टाइप करायचे आणि सगळी अक्षरं मोठीच्या मोठी उमटायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, पावतीवर ओरडताय कशाला?" तेव्हा ताईची नजर फिरत फिरत त्या रिकामटेकड्या स्क्रोल लॉकवर आली. कुणाच्याच कामाचं नाही, म्हणजे कुणाच्या कामात आडवंही येणार नाही. त्या दिवशी त्या बटणाला नोकरी लागली.

माइकच्या त्या दिवशी, सगळी वाक्यं घेऊन झाल्यावर, ताईने विचारलं, "अजून काही?"

मालकांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "एक घे. लागेलच असं नाही." आणि माइकजवळ तोंड नेऊन त्यांनी म्हटलं, "दादा, बस. माझ्या मनात काही नाही."

ताईने ते वाक्य काउंटरच्या वाक्यांत शेवटच्या बटणावर, एफ ट्वेल्व्हवर ठेवलं.

दादा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या आईची नजर हळूहळू गेली होती. मालकांनी तिचे डोळे तपासले, नंबर बदलून दिले, दवाखान्यात नेलं, तरी व्हायचं ते झालं. त्या दुःखात दादा ह्याच दुकानात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात म्हणाले होते, "सख्ख्या आईचे डोळे कळले नाहीत, आणि दुनियेला चष्मे वाटतोयस." दादा गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

ऑपरेशन झालं. मालक गळ्याला मफलर गुंडाळून परत आले. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज आता ह्यात आहे." मी फुशारलो. कीबोर्डाला असं कोण म्हणतं? मला वाटलं, आता मी साधा कीबोर्ड नाही.

पण मालकांना लाज वाटायची. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस, आता त्याच्या गळ्यात भोक. त्यांनी नातेवाइकांत कुणालाच कळवलं नाही. ताईला शपथ घातली. मला फळीसकट काउंटरच्या आत सरकवलं, स्पीकर चष्म्यांच्या डब्यांमागे दडवला आणि बटण न बघता दाबून वरून नुसते ओठ हलवायला शिकले. "या, बसा." "चेहरा गोल आहे, चौकोनी फ्रेम बघा." आवाज त्यांचाच, ओठही त्यांचेच. नव्या माणसाला पत्ता लागायचा नाही. जुन्यांना वाटायचं, काका हल्ली मोजकंच बोलतात.

पंचाईत झाली ती माझ्या दिव्याची. काउंटर काचेचा आणि भिंतीभर आरसे. तपासणी सुरू झाली की एक हिरवा ठिपका सगळीकडून चमकायचा. एक बाई नवी फ्रेम घालून स्वतःला बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो काका, हे माझ्या नाकाशेजारी हिरवं काय दिसतंय? काचेत दोष आहे का?" मालकांचा चेहरा पडला. त्या गेल्यावर त्यांनी वायरमन वापरतो तसल्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि माझ्या दिव्यावर चिकटवला.

मित्रांनो, मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, आपल्यात काहीतरी घाणेरडं आहे आणि ते झाकून ठेवलंय. मी दिवा पेटवत होतो, पण आत, पट्टीखाली. मालक आता मनातल्या मनात हिशेब ठेवायचे: खुर्चीत कुणी बसलं की एकदा दाबायचं, उठलं की एकदा दाबायचं. बहुतेक वेळा जमायचं. एखाद्या वेळी काउंटरवर आलेल्या माणसाला "डावा डोळा झाका" ऐकू यायचं, मग मालक हसण्यावारी न्यायचे आणि तो माणूसही हसायचा.

त्या दिवशी एक बाई तपासणीला बसल्या. मालकांनी स्क्रोल लॉक दाबलं. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच बाईंना फोन आला आणि त्या बोलायला बाहेर गेल्या. मालकांनी ते पुन्हा दाबलं. त्या परत आल्या, मालकांनी दाबलं. पुन्हा फोन. ह्या खेपेला मालकांनी दाबलं की नाही, त्यांनाच आठवेना. त्यांनी दाबलं नव्हतं. मला माहीत होतं, माझा दिवा पट्टीखाली पेटलेला होता. पण सांगणार कसं? सांगायचा एकच मार्ग माझ्याकडे होता, आणि तोच झाकला होता. बाई तर "उद्या येते हो काका" म्हणून तशाच निघून गेल्या.

आणि तेवढ्यात दारातून एक वयस्कर गृहस्थ आत आले. पाय चाचपत टाकत होते, दाराची चौकट हाताने धरली होती. काउंटरपाशी येऊन उभे राहिले आणि मान वर न करताच बोलायला लागले.

"मी आलोय. ओळखलंस ना? मुलीकडे राहतोय हल्ली, मोठ्या दवाखान्यामागे, तिसऱ्या मजल्यावर." काउंटरची कड धरून ते पुढे म्हणाले, "आईला होता तोच काचबिंदू मलाही झालाय रे. डॉक्टर म्हणाले, हा चोरपावलांनी येतो, घराण्यातून येतो, आणि गेलेली नजर कुणीच परत आणू शकत नाही. आईची नजर तू घालवली नव्हतीस. मी तुला चारचौघांत नको ते बोललो. मला लाज वाटते. माफ करशील?"

मालकांचा हात माझ्यावर आला. बोटाने चाचपत एफ ट्वेल्व्ह शोधलं आणि दाबलं. समोरच्या आरशात मला दिसत होतं, त्यांचे ओठ म्हणत होते, दादा, बस. आणि डब्यांमागून त्यांचाच खणखणीत आवाज आला:

"दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. उगाच अंदाजाने बोलू नका."

दादांनी मान वर केलीच नाही. उलट ती आणखी खाली गेली. नजर गमावत चाललेल्या माणसाला सख्ख्या भावाकडून हे ऐकावं लागलं. ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि वळले.

मालक घाबरले. घाईघाईत त्यांनी शेजारचं बटण दाबलं. काच बसेपर्यंत ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिथे ठेवलेलं होतं, "जाऊ नका, थांबा जरा." पण आलं ते दुसरंच.

"झालं. उठा आता, पुढच्याला बसू द्या."

मित्रांनो, तेव्हा मला जळून जावंसं वाटलं. वायरमधून ठिणगी उडावी आणि माझं प्लास्टिक वितळून जावं. दादा उंबरठा चाचपत बाहेर पडले. मालक काउंटरला वळसा घालून दाराकडे धावले. दार सताड उघडं होतं, मला रस्ता दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं, छाती भरून घेतली आणि हाक मारली. हाक कसली, गळ्यातून फुस्स करून हवा गेली. दोनच पावलं पुढे गेलेले दादा नुसत्या एका हाकेने थांबले असते. ती हाकच नव्हती. शेजारचा पेनवाला दुकानातून बघत होता, समोरच्या टपरीवर माणसं उभी होती. मालकांनी धावत जाऊन हात धरायला काय हरकत होती? पण भर रस्त्यात हातवारे करायचे, खाणाखुणा करायच्या, सगळ्यांना कळू द्यायचं, ह्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते पायरीवरच थिजले. दादा कोपऱ्यावर रिक्षात बसून दिसेनासे झाले.

मग मालक आत आले आणि त्यांनी जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. त्यांनी फळी ओढली, माझी वायर कंप्युटरमधून हिसकली, मला काखोटीला मारलं आणि दुकान उघडं टाकून धावत सुटले. ताई म्हणाली होती ना, तुमचा आवाज ह्यात आहे. त्या घाईत त्यांना तेवढंच आठवलं.

मला ठाऊक होतं. आवाज माझ्यात कधीच नव्हता. तो कंप्युटरच्या पोटात होता, स्क्रिप्ट तिथे होती, मी फक्त बटणं. पण ताईची ती थाप मी खुशाल अंगावर मिरवली होती. आता मी त्यांच्या काखेत हिंदकळत होतो, माझी वायर मागे फरफटत होती, आणि ते दवाखान्याला वळसा घालून, जिने चढून, तिसऱ्या मजल्यावर पोचले.

दार दादांनीच उघडलं. मालक न विचारता आत घुसले, जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून त्यांनी मला ठेवलं आणि शेवटचं बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. स्क्रोल लॉक दाबून पाहिलं, परत शेवटचं दाबलं. टक, टक, टक. माझ्यापाशी तेवढाच आवाज होता. वायरचं टोक टेबलाखाली लोंबत होतं. एवढ्या भरवशाने त्यांनी मला काखेत धरून आणलं होतं, आणि मी रिकामा निघालो. ह्यापेक्षा मोठी लाज कीबोर्डाच्या वाट्याला येत नसेल.

"हे काय आणलंस?" दादा कोरड्या स्वरात म्हणाले. "माझे डोळे तपासायला आलास की काय? बोल की. दुकानात तर चांगलं बोललास."

मालकांचं बोट बटणावरच राहिलं. डोळ्यांतून पाणी माझ्या आकड्यांवर पडायला लागलं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मफलर धरला आणि ओढून काढला. आरशांसमोर त्यांनी तो कधी काढला नव्हता, ताईसमोरही नाही.

दादांची नजर आता नळीतून बघावं तशी उरली होती. आधी त्यांना कळेना. ते जवळ सरकले, आणखी जवळ, आणि भावाच्या हनुवटीखाली बघत राहिले. त्या भोकातून श्वास ये-जा करत होता. दादांनी हात पुढे केला, पण लावायला धजावेनात.

"हे कधी झालं रे?"

मालकांनी बोटांनी महिने दाखवले.

"आणि मला कळवलं नाहीस?" दादांचा आवाज चिरकला. "एवढा का मी परका?"

मालकांनी मान हलवली. मग माझ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या ओठांकडे दाखवलं, माझ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, हात जोडले. त्यातलं यंत्राचं दादांना काडीचंही कळलं नसेल. पण जे कळायचं ते कळलं.

"म्हणजे मघाशी तू बोललाच नाहीस."

मालकांनी जोरजोराने मान हलवली. नाही, नाही.

"मग मीही काही ऐकलं नाही," दादा म्हणाले, आणि खुर्ची ओढून भावाला खांद्यांना धरून बसवलं.

मग त्यांनी पाणी आणून दिलं आणि मफलरची घडी करून भावाच्या मांडीवर ठेवली. मी टेबलावर पडून होतो, पण माझी तिथे काही गरज नव्हती.

संध्याकाळी ताई उघड्या दुकानात येऊन हबकली, मग शोधत शोधत तिथे आली. मालकांनी तिला सगळं कागदावर लिहून दिलं. तिने मला उचललं, उलटसुलट बघितलं.

"दिव्यावर ही पट्टी कुणी लावली, बाबा?"

मालकांनी स्वतःकडे बोट केलं.

"लाज वाटली म्हणून?"

त्यांनी मान डोलावली. ताई रागावणार असं मला वाटलं. तिने फक्त नखाने पट्टीची कड उचकटली आणि ती सोलून काढली. चिकट डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे.

आता मी काउंटरच्या वर असतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तपासणी सुरू झाली की माझा दिवा पुन्हा सगळ्या आरशांत चमकतो. कुणी विचारलं तर मालक मफलर जरा खाली करून दाखवतात आणि एक बटण दाबतात. ते वाक्य त्यांनी ताईच्या आवाजात नव्याने घेतलंय: "बाबांचा आवाज गेलाय, पण कान शाबूत आहेत. बोला." लोक आधी चपापतात, मग मोकळेपणी बोलतात. दादा रोज सकाळी येतात, खुर्चीत बसतात आणि नजर राखायचे थेंब भावाकडून डोळ्यांत घालून घेतात.

लोक म्हणतात, झालं ते बरंच झालं. मला तसं म्हणवत नाही. उंबरठा चाचपत बाहेर पडणारी ती पाठ मी बघितली आहे. दादा त्या दिवशी जिन्यात पडले असते, किंवा मुलीचं घर सोडून निघून गेले असते, तर?

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू तुमच्या घरी असतील. फटींमधली धूळ महिन्यातून एकदा झटकून काढा, आमचं म्हणणं तेवढंच. पण सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणून आणखी एक मागतो. घरात कुणी गळा, कान, डोळे, काहीही झाकून बसलं असेल, तर त्याला हसू नका. तुम्ही हसाल ह्याच भीतीने तो पट्टी लावतो. आणि कुणी तुम्हाला मन तोडणारं बोललं, तर पाठ फिरवायच्या आधी एकदा मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघा. बघायला एक क्षणच लागतो, आणि तुम्हाला तर अजून स्वच्छ दिसतं.